टर्मक्समध्ये एसएसएच लागत नाही? राउटर बंद-चालू करायच्या आधी हे बघा

घरात एखादा जुना अँड्रॉइड फोन पडलेला असतो, स्क्रीनला कोपऱ्यात तडा, बॅटरी बरी, मग कुणीतरी सांगतं की अरे यावर टर्मक्स (फोनवर लिनक्सच्या कमांड चालवू देणारं अॅप) टाक, छोटा सर्व्हर होतो, फोटोंचा बॅकअप घे, लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिन कर. आपण टाकतो, दोन कमांड मारतो, आणि लॅपटॉपवर येतं 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. माझं पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी राउटर तीनदा बंद-चालू केला, घरच्यांची मालिका मध्येच अडकली म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच, आणि शेवटी कळलं की राउटरचा काही संबंधच नव्हता, फोनने एसएसएचडी, म्हणजे ते लॉगिन घेणारा सर्व्हर, केव्हाच मारून टाकलं होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. टर्मक्समध्ये नेटवर्कचं काही बिघडलं तर नेटवर्कवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय, फोनच्या आतून सुरू करून बाहेर. ज्यांनी लिनक्स कधी वापरलं नाही त्यांनाही जमेल. कमांड मी मराठी अक्षरात उच्चारासारख्या लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि जिथे 'डॅश' लिहिलंय तिथे ती आडवी रेघ.

मुळात बिघडतं का

हे दोन मिनिटं समजून घ्या, मग निम्मे एरर वाचूनच कळतील. ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रोग्राम), आरसिंक (फाइल कॉपी करणारा), एनमॅप (नेटवर्क तपासणारा), कर्ल (नेटवरून फाइल आणणारा) ही सगळी मंडळी साध्या लिनक्ससाठी लिहिलेली. तिथे सेटिंगच्या फाइल ईटीसी नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तात्पुरत्या फाइल टीएमपीमध्ये, आणि खाली जीलिबसी नावाची मूळ लायब्ररी असते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल (सिस्टिमचा गाभा) आहे पण वरचं घर वेगळं आहे. जीलिबसीच्या जागी गूगलची बायोनिक, आणि प्रत्येक अ‍ॅप आपापल्या खोलीत कोंडलेलं. टर्मक्सची खोली म्हणजे डेटा, त्यात डेटा, त्यात कॉम-डॉट-टर्मक्स, त्यात फाइल्स, आणि त्यातला यूएसआर. या शेवटच्या फोल्डरला टर्मक्समध्ये प्रीफिक्स म्हणतात. एको डॉलर-प्रीफिक्स असं मारलं (प्रीफिक्स कॅपिटल अक्षरांत) की पूर्ण पत्ता दिसतो.

म्हणजे टर्मक्स हा वाड्यातला भाडेकरू. खोलीत काय वाट्टेल ते करा, पण मीटरची पेटी मालकाकडे, गच्चीची किल्ली मालकाकडे, आणि रात्री मालक येऊन दिवाही घालवू शकतो. टर्मक्सवाल्यांनी हे प्रोग्राम या खोलीत बसतील असे बदलून, पुन्हा बांधून दिलेत. जिथे ते बदल पुरले तिथे सगळं गुपचूप चालतं, जिथे पुरले नाहीत तिथे प्रोग्राम आपलं जुनं घर शोधत बसतो आणि आपल्याला वाटतं नेट गेलं.

सुरुवात: टर्मक्स कुठून घेतलंय ते बघा

प्ले स्टोअरवरच्या टर्मक्सचे अपडेट नोव्हेंबर २०२० च्या सुमारास थांबले होते. कारण असं की अँड्रॉइड १० पासून, नव्या नियमांप्रमाणे बांधलेल्या अ‍ॅपला स्वतःच्या खोलीत उतरवलेली फाइल प्रोग्राम म्हणून चालवता येत नाही, आणि टर्मक्सचा तर धंदाच तो. नंतर प्ले स्टोअरवर वेगळी आवृत्ती आली पण ती नेहमीच्या टर्मक्सपेक्षा वेगळी वागते, त्यामुळे नवशिक्याने सरळ एफ-ड्रॉइड (मुक्त अॅपचं दुकान) किंवा गिटहबवरून (जिथे टर्मक्सचा कोड असतो) घ्यावं. यात एक मेख आहे, टर्मक्स एफ-ड्रॉइडवरचं आणि टर्मक्स-एपीआय किंवा टर्मक्स-बूट (टर्मक्सची जोड-अॅप) गिटहबवरचं असं मिसळून चालत नाही, दोन्हीवरच्या सह्या वेगळ्या आहेत, फोन इन्स्टॉलच करू देत नाही.

मग पहिली कमांड: पीकेजी अपग्रेड. तीच आधी यादी ताजी करते आणि मग सगळं अपडेट करते. यादीच उतरत नसेल तर टर्मक्स-चेंज-रेपो चालवून दुसरा मिरर (पॅकेजच्या प्रती ठेवणारा सर्व्हर) निवडा. जुन्या लेखांमध्ये बिनट्रेचे (पूर्वी पॅकेज ठेवायची सेवा) पत्ते दिलेले असतात ते मे २०२१ मध्ये कायमचे बंद झालेत, ते कॉपी करू नका.

आता एक चूक जी जवळपास प्रत्येकजण करतो: सगळं अपग्रेड न करता फक्त एकच पॅकेज टाकतो. मग येतं 'कॅनॉट लिंक एक्झिक्युटेबल', पुढे कुठल्यातरी लिब-अमुक-डॉट-एसओ चं नाव आणि 'नॉट फाउंड'. नवा प्रोग्राम, जुनी लायब्ररी, दोघांचं जमत नाही. कर्ल असं मेलं की लोकांना वाटतं नेट बंद आहे. औषध एकच, पूर्ण अपग्रेड. आणि एपीटी (पीकेजीच्या मागे काम करणारा प्रोग्राम) स्वतःच या एररने पडलं असेल तर मात्र कामाच्या फाइल बाहेर काढून टर्मक्स नव्याने टाकणं हाच कमी डोकेदुखीचा रस्ता, दोन तास झगडून मी शेवटी तेच केलंय.

आता खरी तपासणी, जवळून लांब

उदाहरण एसएसएच सर्व्हरचंच धरू. पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच, मग पासडब्ल्यूडी मारून पासवर्ड ठेवा, मग एसएसएचडी. स्क्रीनवर काहीच येत नाही, तेच बरोबर आहे, गुपचूप मागे चालू होतं.

आधी, चालू आहे का? पीग्रेप एसएसएचडी मारा. आकडा आला तर जिवंत, काहीच नाही आलं तर मेलंय किंवा सुरूच झालं नव्हतं. हे बघायला पाच सेकंद लागतात आणि हे न बघता लोक तासभर राउटरची पानं उघडून बसतात. (हो, मीच तो.)

मग फोनवरूनच फोनला हाक मारा: एसएसएच डॅश पी ८०२२ लोकलहोस्ट (लोकलहोस्ट म्हणजे हाच फोन). इथे ८०२२ का? पोर्ट म्हणजे मशीनवरच्या दाराचा नंबर, नेहमीचा एसएसएच पोर्ट २२, पण १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला (सगळे अधिकार असलेल्या मालक-खात्याला) मिळतात आणि आपण भाडेकरू, म्हणून टर्मक्सने ८०२२ घेतलाय. लॅपटॉपवरून नुसतं एसएसएच आणि आयपी (फोनचा नेटवर्कवरचा पत्ता) असं मारलं तर ते २२ वर जातं आणि 'रिफ्यूज्ड' येतंच, यात बिघाड काहीच नाही. अजून एक गंमत, एसएसएचला पोर्ट सांगताना स्मॉल पी आणि एससीपीला (एसएसएचने फाइल पाठवणारी कमांड) कॅपिटल पी. कुणी ठरवलं देव जाणे पण एससीपीला स्मॉल पी दिला तर तो त्याचा वेगळाच अर्थ घेतो आणि ८०२२ ला फाइलचं नाव समजतो. आरसिंकला तर आणखी वेगळं, डॅश ई नंतर अवतरणचिन्हात एसएसएच डॅश पी ८०२२ असं पूर्ण वाक्य द्यावं लागतं.

लोकलहोस्टवर लॉगिन झालं? मग सर्व्हर ठीक आहे, प्रश्न बाहेरचा आहे. नाही झालं? मग वायफायकडे बघूसुद्धा नका. लॉगकॅट डॅश एस आणि पुढे अवतरणात एसएसएचडी, विसर्गासारखी दोन टिंबं, तारा असं मारा. टर्मक्सचं एसएसएचडी आपलं रडगाणं अँड्रॉइडच्या सिस्टिम लॉगमध्ये लिहितं, साध्या लिनक्ससारखं व्हार-लॉगमध्ये नाही, म्हणून लोकांना लॉग सापडतच नाही. आणि जिथून लॉगिन करताय तिथे एसएसएचला डॅश व्ही जोडा, कुठल्या टप्प्याला अडकलं ते तो ओळीओळीने सांगतो.

आता दुसऱ्या मशीनवरून. फोनचा आयपी वायफायच्या सेटिंगमध्ये दिसतो किंवा आयएफकॉन्फिगमध्ये डब्ल्यूलॅन-शून्यच्या खाली. तो घेऊन लॅपटॉपवरून प्रयत्न करा, आणि जो एरर येईल तो नीट वाचा, कारण इथे दोन एररमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे दार वाजवलं, आतून कुणीतरी म्हणालं इथे असं कोणी राहत नाही. म्हणजे पत्त्यावर कोणीतरी आहे, वाट मोकळी आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. पोर्ट चुकला, किंवा एसएसएचडी मेलं, किंवा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर (लोकलहोस्टचाच आकडी पत्ता) बसलाय. ही शेवटची भानगड एसएसएचची नसते पण बाकी बऱ्याच वेब सर्व्हरची असते, ते डीफॉल्टने फक्त स्वतःच्याच फोनला उत्तर देतात, त्यांना बाइंड किंवा होस्टच्या सेटिंगमध्ये ०.०.०.० (म्हणजे सगळीकडून ऐक) द्यावं लागतं. पायथॉनचा साधा एचटीटीपी सर्व्हर मात्र आपणहून सगळीकडे ऐकतो, म्हणून चाचणीला तो उत्तम: पायथॉन डॅश एम एचटीटीपी-डॉट-सर्व्हर ८०८०. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो उघडला तर वाट मोकळी आहे हे पक्कं. मात्र ज्या फोल्डरमधून चालवाल ते सगळं घरातल्या वायफायवर उघडं पडतं, झालं की कंट्रोल-सी.

'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे दार वाजवत राहिलो, आत माणूस आहे का घर रिकामं काहीच कळेना. पॅकेट वाटेत कुठेतरी गिळलं गेलं. याची कारणं मी पाहिलेली अशी: आयपी चुकीचा किंवा बदललेला, फोन आणि लॅपटॉप वेगवेगळ्या वायफायवर (एक गेस्ट वायफायवर, हे फार होतं), फोनवर व्हीपीएन चालू, फोन गाढ झोपलेला, किंवा राउटरमध्येच एपी आयसोलेशन नावाचं सेटिंग चालू, ज्यात वायफायवरच्या दोन मशीनना एकमेकांशी बोलू देत नाहीत. होस्टेल, लॉज, ऑफिस इथे ते बहुतेक चालूच असतं आणि ते तुमच्या हातात नसतं. तिथे सोपा उपाय म्हणजे एका फोनचा हॉटस्पॉट लावून दोन्ही मशीन त्यावर घ्या आणि पुन्हा बघा. तिथे चाललं तर दोष त्या वायफायचा, संपलं.

आयपी बदलण्याबद्दल थोडं. राउटरमध्ये फोनचा आयपी पक्का केला तरी बदलतो अशी तक्रार असते. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता (वायफाय चिपचा ओळख क्रमांक) न देता बनावट देतो. राउटरमध्ये खऱ्या मॅकवर आयपी बांधला असेल तर तो कधी लागूच होत नाही. वायफायच्या नावावर जाऊन प्रायव्हसीमध्ये 'डिव्हाइस मॅक वापरा' निवडा, मगच राउटरमध्ये बांधा. घरच्या नेटवर्कपुरतं हे करायला हरकत नाही.

आणि टर्मक्स नव्याने टाकल्यावर लॅपटॉप एकदम मोठ्या अक्षरात ओरडतो की होस्टची ओळख बदललीय, कुणीतरी हल्ला करत असेल. घाबरू नका, तुम्हीच नवीन टाकलंय म्हणून किल्ली बदलली. एसएसएच-कीजेन डॅश कॅपिटल आर देऊन पुढे चौकोनी कंसात आयपी, मग दोन टिंबं आणि ८०२२, की जुनी नोंद पुसली जाते. पण तुम्ही काहीच बदललं नसताना ओरडला तर थांबा आणि बघा, बहुतेक वेळा तो आयपी आता दुसऱ्याच कुठल्या मशीनला गेलेला असतो.

नाव सापडत नाही: डीएनएसचा घोळ

हा भाग सगळ्यात जास्त डोकं खातो. ब्राउझर चालतो, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, आणि टर्मक्समधला एखादा प्रोग्राम म्हणतो की साइटचं नावच माहीत नाही.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणं. साध्या लिनक्सवर ईटीसीमध्ये रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ नावाची फाइल असते, त्यात डीएनएस सर्व्हरचा पत्ता असतो. अँड्रॉइडवर ती फाइलच नाही. तिथे नाव विचारायचं तर बायोनिकमार्फत नेटडी नावाच्या सिस्टिमच्या नोकराला विचारायचं, मग तो वायफाय, मोबाइल डेटा, व्हीपीएन, प्रायव्हेट डीएनएस सगळं बघून उत्तर देतो. जे प्रोग्राम बायोनिकला विचारतात ते सुखी. जे स्वतःच फाइल उघडून बघतात ते अडकतात.

यातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे गो भाषेतले तयार प्रोग्राम. एररमध्ये 'लुकअप अमुक ऑन' आणि पुढे चौकोनी कंसात दोन टिंबं-दोन टिंबं-एक, मग ५३, आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं दिसलं की समजायचं, हा गोचा स्वतःचा रिझॉल्व्हर आहे, त्याला फाइल मिळाली नाही, म्हणून तो फोनवरच ५३ पोर्टला डीएनएस शोधतोय आणि तिथे कोणीच नाही. रिफ्यूज्ड शब्द बघून लोक फायरवॉल शोधायला जातात. उपाय म्हणजे तोच प्रोग्राम पीकेजीमधून मिळतो का बघा, तिथला टर्मक्ससाठी नीट बांधलेला असतो. नसेल तर प्रूट-डिस्ट्रोमध्ये (टर्मक्सच्या आत दुसरं लिनक्स चालवायची सोय) डेबियन टाकून त्यात चालवा, तिथे ती फाइल असते. प्रूट थोडा हळू चालतो, प्रत्येक हाक मधे अडवून बदलतो ना, पण काम होतं.

आता एक छोटी युक्ती. पिंग आणि डिग, दोन्हीने एकच नाव विचारा. डिग प्रीफिक्समधल्या ईटीसीतली टर्मक्सची स्वतःची रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ वाचतं, त्यात साधारण गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४ असतात. पिंग सिस्टिमला विचारतं. पिंगला नाव सापडलं आणि डिगला नाही, तर तुमचं नेटवर्क बाहेरचा डीएनएस अडवतंय (कॉलेज-ऑफिसमध्ये हमखास). उलट झालं, डिगला सापडलं आणि पिंगला नाही, तर फोनच्या सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस बघा. अँड्रॉइड ९ पासून ते आहे, जाहिराती अडवायला कुणीतरी कधीतरी त्यात एखादा पत्ता टाकलेला असतो आणि विसरून जातो. ते ऑटोमॅटिकवर ठेवून पुन्हा बघा. घरातल्या सर्व्हरचं लोकल नाव डिगला न सापडण्याचं कारणही डिगची ती वेगळी फाइलच, तो घरच्या राउटरला विचारतच नाही, थेट गूगलला विचारतो आणि गूगलला तुमच्या घरातलं काय माहीत.

होस्ट्स फाइलमध्ये नाव लिहून काम होईल असं वाटत असेल तर ती सिस्टिमच्या भागात आहे, रूटशिवाय लिहिता येत नाही. फक्त एसएसएचसाठी हवं असेल तर होममधल्या डॉट-एसएसएच फोल्डरात कॉन्फिग फाइल करून त्यात टोपणनाव, आयपी, पोर्ट, यूजर लिहून ठेवा, रोज ८०२२ टाइप करायचंही वाचतं.

बिघाड नाही, परवानगीच नाही

काही गोष्टी दुरुस्त होणारच नाहीत, त्यात वेळ घालवू नका. एनमॅप 'रूट हवं' म्हणून थांबला तर तुम्ही मागितलेला स्कॅन कच्च्या पॅकेटचा आहे, डॅश एस कॅपिटल टी लावा, तो साध्या कनेक्शनने तपासतो आणि रूटशिवाय चालतो. (आणि फक्त स्वतःच्या घरच्या नेटवर्कवर, हे सांगायला नको.) टीसीपीडम्प रूटशिवाय नाहीच, पॅकेट बघायचे असतील तर पीसीएपीड्रॉइड नावाचं अ‍ॅप आहे, ते फोनवरच खोटं व्हीपीएन उभं करून रहदारी पकडतं. नेटस्टॅट आणि एसएस (चालू कनेक्शन दाखवणाऱ्या कमांड) रिकामे दिसतात किंवा 'परमिशन डिनाइड' म्हणतात कारण अँड्रॉइड १० ने प्रॉक-नेट हे फोल्डर अ‍ॅपसाठी बंद केलं. आयएफकॉन्फिग वर एक इशारा छापतो की प्रॉक-नेट-डेव्ह उघडत नाही, खाली आयपी मात्र देतो, त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा. एवढ्यासाठी फोन रूट करू नका असं माझं मत, एकदा रूट केला की बँकेची अ‍ॅप रुसतात.

रात्री चालू होतं, सकाळी मेलं

ही तक्रार नंबर एक. लक्षणं दोन प्रकारची असतात आणि त्यांचं औषध वेगळं आहे.

पहिलं, स्क्रीन बंद झाली की एसएसएच अडखळतं, अक्षर टाइप केलं की तीन सेकंदांनी उमटतं, किंवा टाइमआउट, आणि स्क्रीन लावली की लगेच सुरळीत. हा डोझ, अँड्रॉइड ६ पासूनची बॅटरी वाचवायची झोप. फोन झोपला, वायफायही पेंगतंय. टर्मक्स-वेक-लॉक मारा किंवा टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधलं 'अ‍ॅक्वायर वेकलॉक' दाबा, त्याने प्रोसेसर आणि वायफाय दोन्ही जागे राहतात. मग सेटिंगमध्ये टर्मक्सची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय ऑटोस्टार्ट, बॅकग्राउंडची परवानगी, रिसेंटमध्ये अ‍ॅपला कुलूप असं तीन ठिकाणी वेगवेगळं सेटिंग असतं, ते तिन्ही करावं लागतं, कुठे लपवलंय ते सेटिंगच्या सर्चमध्येच शोधा.

दुसरं, टर्मक्स उघडलं तर समोर लिहिलेलं 'प्रोसेस कम्प्लीटेड', कंसात सिग्नल ९, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारली. हा वेकलॉकने जात नाही. अँड्रॉइड १२ मध्ये नवा नियम आला, अ‍ॅपने आपल्या पोटी जन्माला घातलेल्या प्रोसेस, ज्यांना ते फँटम प्रोसेस म्हणतात, सगळ्या अ‍ॅपच्या मिळून ३२ च्या वर गेल्या की जास्तीच्या मारायच्या. शिवाय एखादी प्रोसेस मागे बसून प्रोसेसर फार खात असेल तर तीही जाते. ३२ ऐकायला खूप वाटतात, पण एक एसएसएचडी, प्रत्येक लॉगिनला त्याची पिल्लं, टीमक्स (एकाच खिडकीत अनेक शेल चालवणारा), त्यात चार शेल, एक आरसिंक, पटकन भरतात. अँड्रॉइड १४ असेल तर डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'डिसेबल चाइल्ड प्रोसेस रिस्ट्रिक्शन्स' असा खटका शोधा, तो चालू करा, झालं. त्याआधीच्या १२एल आणि १३ ला लॅपटॉपवरून एडीबी (फोनला बाहेरून कमांड द्यायचं साधन) लावून सेटिंग्स पुट ग्लोबल या कमांडने सेटिंग्स-एनेबल-मॉनिटर-फँटम-प्रॉक्स हे फॉल्स करावं लागतं, शब्दांच्या मधे खालच्या रेघा. अपडेटनंतर पुन्हा सकाळी मेलेलं दिसलं तर आधी हेच परत तपासा.

फोन रीस्टार्ट झाल्यावर आपोआप सुरू व्हायला टर्मक्स-बूट अ‍ॅप टाका, ते एकदा हाताने उघडा (हे विसरलं तर ते कधीच चालत नाही), आणि होममधल्या डॉट-टर्मक्सच्या आत बूट फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट ठेवा, पहिली ओळ नेहमीची शेलची, मग टर्मक्स-वेक-लॉक, मग एसएसएचडी.

बाहेरून उतरवलेला प्रोग्राम

फाइल समोर दिसतेय, एलएसमध्ये आहे, आणि चालवली की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. वेड लागायची पाळी येते. खरी गोष्ट अशी की फाइल आहे, पण तिला चालवणारा जीलिबसीचा लोडर अँड्रॉइडवर नाही, आणि एरर त्या लोडरबद्दल आहे. पुन्हा तेच, टर्मक्सचं पॅकेज किंवा प्रूट. 'एक्झेक फॉरमॅट एरर' आला तर प्रोसेसरच वेगळा, यूनेम डॅश एम मारा, बहुतेक फोनवर एआर्च६४ येईल आणि तुम्ही इंटेलची फाइल उतरवली असेल. 'बॅड सिस्टिम कॉल' म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे असं काही मागितलं जे अँड्रॉइड ८ पासून अ‍ॅपना बंद आहे.

याच्याच जातीचं एक, खासगी किल्ली (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची फाइल) एसडीकार्ड फोल्डरात ठेवली की एसएसएच म्हणतं परवानग्या फार उघड्या आहेत, ही किल्ली मी घेणार नाही. मग आपण सीएचमॉड ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी परवानगी) करतो, एररही येत नाही, आणि काही बदलतही नाही, कारण त्या जागेवर अशा परवानग्या टिकतच नाहीत. किल्ली टर्मक्सच्या होममध्ये डॉट-एसएसएचमध्ये हलवा, मग सीएचमॉड करा. स्क्रिप्टसुद्धा एसडीकार्डवरून थेट चालत नाहीत, त्यांनाही होममध्ये आणा. प्रमाणपत्राचे एरर आले तर आधी फोनचं घड्याळ बघा, बॅटरी पूर्ण उतरलेला जुना फोन कधीकधी भलत्याच साली जागा होतो.

आता, सगळ्यात शेवटी, नेटवर्क

घरात चालतंय पण बाहेरून लागत नाही. मोबाइल डेटावर असाल तर फोनला स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता नसतो असंच धरून चाला. आयएफकॉन्फिगमध्ये १०० पासून सुरू होणारा पत्ता दिसला, म्हणजे १००.६४ ते १००.१२७ मधला, तर तो कंपनीने हजारोंमध्ये वाटलेल्या पत्त्यामागचा आहे, २०१२ मध्ये ही रांग खास त्यासाठीच राखून ठेवली. १९२.०.०.४ दिसला तर सिमचं नेटवर्क मुळात आयपीव्ही६ वर चालतंय आणि फोन आतल्या आत जुन्या पत्त्याचं नाटक करतोय. दोन्हीत आयपीव्ही४ वर बाहेरून थेट आत येता येत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग करायला राउटर तुमचा नाहीच. घरच्या ब्रॉडबँडवरही हे असू शकतं: राउटरच्या पानावर दिसणारा वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी आणि 'माझा आयपी काय' असं शोधून मिळणारा आयपी जुळत नसतील तर तेच आहे. मग एकतर टेलस्केलसारखं (आपल्याच मशीनना जोडणारं खासगी व्हीपीएन) काही लावा, किंवा भाड्याचा छोटा सर्व्हर असेल तर फोनवरूनच त्याला उलटा बोगदा टाका, एसएसएचचा डॅश कॅपिटल आर. आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. बाहेर उघडं करताय तर पासवर्डने लॉगिन बंद करा, फक्त किल्ली ठेवा.

अजून एक फसवा प्रकार, वायफाय ज्याला पुढे इंटरनेटच नाही, जसं कॅमेऱ्याचं किंवा ईएसपी बोर्डाचं (छोटं वायफाय सर्किट). फोन जोडलेला दिसतो पण अँड्रॉइड ठरवतं की या वायफायला नेट नाही, आपण मोबाइल डेटाने जाऊ, आणि टर्मक्सची हाक १९२.१६८ च्या पत्त्यासाठी मोबाइल टॉवरकडे जाते. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करा, लगेच लागतं.

एवढं करूनही अडलं तर कुणाला विचारताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. टर्मक्स-इन्फो मारा, त्यात अँड्रॉइडची आवृत्ती, टर्मक्सची आवृत्ती, प्रोसेसर, मिरर सगळं एका जागी येतं, ते द्या, मग मारलेली कमांड जशीच्या तशी, मग पूर्ण एरर, स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून. आणि लोकलहोस्टवर चालतं का, हे आधीच लिहून टाका, कारण कोणीही पहिलं तेच विचारणार आहे.